पंधरवडा दुसऱ्या रस्त्यानं

लक्ष्मीबाई नगरमधल्या मावशीच्या क्वार्टरची सकाळ काकांच्या बुटाच्या ब्रशनं सुरू व्हायची. काका दारातल्या पायरीवर जुनं वर्तमानपत्र अंथरून बसायचे आणि फाइलीवर टिपण लिहावं तितक्या शिस्तीनं एकेक बूट घासायचे. आत मावशी पोह्यांना फोडणी द्यायची. मृणाल, माझी चौदा वर्षांची मावसबहीण, न सापडणाऱ्या मोज्यासाठी अर्ध्या हिंदीत भांडायची. दोन खोल्यांच्या त्या घरात आपली कुणाला अडचण होऊ नये म्हणून मी गॅलरीतल्या घडीच्या खाटेवर पाय पोटाशी घेऊन पुस्तक वाचत बसायची. मला कुणी कधी अडचण म्हटलं नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही दिल्लीत, दुसऱ्याच्या घरी राहून. आपण इथे असण्याचं कारण रोज नव्यानं सिद्ध करायचं आहे असं मला वाटत राहायचं. पोह्यांची दुसरी ताटली मी मागत नसे. मावशीला ते कळायचं आणि ती न विचारता वाढायची. आजही कुणाकडे जेवायला गेले की मी पहिल्या वाढपाला पुरे म्हणते, आणि मग भूक राहते.

कॉलेज सायकलनं वीस मिनिटांवर होतं. मृणालला उंची वाढल्यामुळे लहान झालेली लाल लेडीज सायकल काकांनी चेनला तेल देऊन माझ्या हवाली केली होती. सायकल मला येत होती ती आमच्या शाळेतल्या कुलथे बाईंमुळे. आमच्या भागात सायकलवर बसणारी बाई त्या एकट्याच. तालुक्याहून आमच्या गावापर्यंत सात किलोमीटर रोज यायच्या, पदर खोचून, हँडलला डब्याची पिशवी लावून. शाळा सुटल्यावर मैदानात त्यांनी मला शिकवलं. मागे कॅरिअर धरून पळायच्या आणि म्हणायच्या, "समोर बघ, माझ्याकडे नको." एक दिवस मी समोर बघत बरीच लांब गेले, आणि मागे वळून पाहिलं तर बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या, दोन्ही हात कमरेवर. बारावीनंतर मला पुढे शिकू द्या म्हणून त्या लागोपाठ चार संध्याकाळ आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. चौथ्या संध्याकाळी वडील म्हणाले, "बाई, तुम्ही काय ऐकायच्या नाहीत." फॉर्म त्यांनीच भरला, त्यांच्या सुवाच्य अक्षरात.

दिल्लीला निघताना मी दर रविवारी फोन करीन असं सांगितलं होतं. पहिले काही रविवार केलाही. बाईंकडे मोबाइल नव्हता. घरातला जुना फोन त्या दुसऱ्या घंटेला उचलायच्या आणि पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारायच्या. पहिल्या सहामाहीत मी केमिस्ट्रीत नापास झाले. शिकवायचे इंग्रजीत, आणि मला वर्गात प्रश्न विचारायची हिंमत नव्हती. बाईंशी खोटं बोलता आलं नसतं आणि खरं सांगवत नव्हतं. म्हणून मी फोन करणंच सोडून दिलं. एक रविवार चुकला, मग दुसरा, आणि मग इतके चुकले की आता कोणत्या तोंडानं करायचा असं झालं.

त्या वर्षीच्या मे महिन्यात राहिलेला पेपर पुन्हा द्यायचा होता. सोमवारी परीक्षा होती. आणि त्याच दिवसांत माझ्यामागे कावळे लागले.

आमच्या ब्लॉकच्या वळणावर एक जुनं जांभळाचं झाड होतं. त्यावर कावळ्यांनी घरटं केलं होतं, काड्यांपेक्षा तारांचंच जास्त. मृणालच्या मते त्यात आमच्या गच्चीवरून पळवलेला कपड्यांचा एक हँगरही होता. एका सकाळी त्या झाडाखाली, ऐन रस्त्यावर, एक पिल्लू बसलेलं दिसलं. पंख फुटलेले पण उडता न येणारं, चोच आतून लाल. मागून दुधाची गाडी येत होती. मी सायकल उभी करून ते ओढणीत उचललं आणि शेजारच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. आपण एक चांगलं काम केलं असं मनात म्हणत मी कॉलेजला गेले. परत येताना वळणावर पोचते तोच मागून पंखांचा आवाज आला, कानाशी वारा लागला आणि सायकल गटाराकडे गेली.

त्यानंतर रोज तेच. बाकीची सगळी कॉलनी त्या झाडाखालून येजा करायची, भाजीवाला तर तिथेच गाडी लावून उभा राहायचा, पण कावळे फक्त मला ओळखायचे. मी लांबून दिसले की एक जण तारेवरून ओरडायचा, दुसरा झाडातून उतरायचा, आणि तोही समोरून कधी नाही, पाठ वळली की. फाटकावरच्या चौकीदारानं शांतपणे निदान केलं. "बिटिया, आपने इनका बच्चा छू लिया है. अब ये शकल नहीं भूलेंगे."

घरात याची मोठी करमणूक झाली. "ताई, तो कौआ तुझ्यावर सॉलिड गुस्सा आहे यार," मृणाल म्हणायची. तिनं पुठ्ठ्याचा वाघाचा मुखवटा करून माझ्या डोक्याला मागच्या बाजूनं बांधला, डोळे मोठाले काढलेले. कावळ्यांनी एक दिवस विचार केला आणि दुसऱ्या दिवशी वाघाचा कान फाडला. मावशी म्हणाली, पातेलं घालून जा. काकांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "कुठलं? चहाचं नको, मला चहा लागतो." एकदा मी एका हातात छत्री धरून गेले, तर मागच्या स्कूटरवाल्यानं थांबून विचारलं, कुठे पाऊस पडतोय का. कॉलनीला मागचं फाटकही होतं, पण तिकडून बाजारातून मोठा वळसा पडायचा, आणि कावळ्याला भिऊन वळसा घेतला म्हणून मृणालनं महिनाभर चिडवलं असतं. म्हणून मी रोज त्याच झाडाखालून, मान खांद्यांत घालून, जोरात पॅडल मारत जात राहिले. मीही हसायचे त्यांच्याबरोबर. खरं तर मला मनातून फार भीती वाटत होती. ती भीती नुसत्या चोचीची नव्हती, पण ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळी मी लायब्ररीचं पुस्तक परत करायला गेले आणि येताना कावळ्याची चोच टाळूला लागली. कुणी खिळा ठोकावा तशी. घरी आले तेव्हा ओढणीला रक्ताचे दोन थेंब होते. काका ऑफिसला गेले होते, मृणाल शाळेत. मावशीनं मला खिडकीजवळ बसवलं, केस बाजूला केले, हळद दाबली, आणि मग तिचा हात थांबला.

"शिवला?"

"चोच लागली नुसती."

"म्हणजे शिवलाच की. आजवर नुसता वारा लागतो म्हणत होतीस."

मावशी समोर येऊन वेताच्या मोड्यावर बसली. एवढी वर्षं दिल्लीत राहिलेली, शेजारणींशी अस्सल दिल्लीच्या हिंदीत भांडणारी माझी मावशी एकदम आमच्या गावातली दिसायला लागली.

"गावात अशा वेळी काय करतात, तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. कावळा डोक्याला शिवला तर ते मरणाचं लक्षण समजतात. त्यावर उतारा एकच. ज्याला शिवला तो मेला अशी खोटी बातमी त्याच्या एखाद्या जवळच्या माणसाला कळवायची. ते माणूस ऊर फोडून रडलं की मरण फसतं, आपलं काम झालं समजून परत जातं. मग तासाभरानं निरोप द्यायचा की सगळं खोटं होतं, माणूस जिवंत आहे. माझ्या लहानपणी चुलत्यांसाठी असं केलेलं मी पाहिलं होतं. आत्या रडत रडत अनवाणी आली होती, आणि चुलते ओट्यावर विडी ओढत बसलेले बघून आधी त्यांना मारलं आणि मग हसली.

"मावशी, मी बायोलॉजी शिकते."

"शिक ना. मी कुठं अडवलं? एक फोन करायचा, बस. सोमवारी परीक्षा आहे, असलं डोक्यावर घेऊन जाऊ नये."

"काका रागावतील."

"काकांना सांगायचं कशाला?"

मी नाही म्हणायला हवं होतं. ही गोष्ट मनात कितीदा तरी उगाळली आहे आणि दर वेळी इथेच थांबते. पण मी नाही म्हटलं नाही. मला तो फोन व्हायला हवा होता. पुस्तकात काय लिहिलं आहे ते मला पाठ होतं, आणि तरी टाळूवर हळद चरचरत असताना मला एकोणिसाव्या वर्षी मरायचं नव्हतं.

"तुझ्या आईला नको," मावशी म्हणाली. "माझ्या बहिणीनं एक लेकरू गमावलंय, तिच्या जिवाशी खेळ नको." माझ्याआधीचा भाऊ दोन वर्षांचा होऊन गेला होता. "तुझ्या चुलतीला केला तर ती पाच मिनिटांत गळा काढत तुझ्या आईच्या दारात. मग कुणाला करू? खरं रडणारं माणूस पाहिजे. वरवरचं नको."

"बाईंना कर," मी म्हटलं.

मावशीनं सुचवलं नव्हतं. तिला बाई नीट आठवतही नव्हत्या, मीच वहीतून नंबर काढून दिला. बाई तालुक्याला एकट्या राहतात, कुणाला बोलणार नाहीत, आणि रडतील, असा मी हिशोब केला. त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती लिहिताना अजूनही हात अडतो. इतके महिने मी त्यांना फोन केला नव्हता. माझ्यासाठी त्यांना अजून रडू येईल का, हे मला बघायचं होतं.

फोन अर्ध्या मिनिटाचा झाला. दुसऱ्या घंटेला उचलला असावा, कारण मावशी लगेच बोलायला लागली. "बाई, मी दिल्लीहून अनिताची मावशी बोलतेय. वाईट बातमी आहे हो. अनिता गेली." मग ती थांबली. पलीकडून काही विचारलं गेलं असावं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सुचलं ते ती बोलली, "सायकलवर. सकाळी कॉलेजला जाताना." आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"'बरं' म्हणाल्या."

"रडल्या?"

"आता रडतील की. माणूस फोन ठेवल्यावर रडतं."

मावशीनं थालीपिठं लावली. उन्हाळ्यातलं कैरीचं पन्हं होतं, त्यात वेलदोडा जरा जास्त पडलेला. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं आणि मला सडकून भूक लागली होती. मी दोन थालीपिठं लोण्याबरोबर खाल्ली आणि त्या घरात पहिल्यांदा तिसरं मागून घेतलं.

तासाभरानं मी स्वतः बाईंचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला. बाई दुसऱ्या घंटेला उचलतात. मी बारा-पंधरा घंटा मोजल्या, लाइन कट झाली, पुन्हा लावला. मावशी म्हणाली, मंदिरात गेल्या असतील. बाई मंदिरात जात नसत. म्हणाली, झोपल्या असतील. मी लावतच राहिले. बाईंचं घर माझ्या डोळ्यांपुढे येत होतं, भिंतीला लावलेली कॉट, खिडकीखाली फोनचं स्टूल, आणि स्टुलाशेजारी जमिनीवर काय असेल याचा विचार मी पुरा होऊ देत नव्हते. आईला फोन केला असता तर तिनं कुणाला तरी तालुक्याला पिटाळलं असतं. पण मग आईला सगळं सांगावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी आणखी अर्धा तास घालवला. बाई जमिनीवर पडल्या असतील असं वाटत असतानाही मी अर्धा तास माझी लाज सांभाळत बसले.

शेवटी आईचा मोबाइल लावला. आईचा आवाज खुशीत होता.

"अगं, तुझंच नाव काढलं बघ. बाई आल्यात आपल्याकडं."

"कोण बाई?"

"कोण म्हंजे? तुझ्या कुलथे बाई. या उन्हाचं सायकलीवर आल्यात, शेजारच्या पोरीची सायकल घिऊन. मी म्हनलं, बाई, तुम्ही तर गुडघ्यापायी कवाच सोडली सायकल. तर काई बोलनात. तांब्याभर पानी प्याल्या, माझ्यापाशी बसल्या, माझा हातच धरून बसल्यात. ऊन लागलं आसंल. भाकर वाढली तर तशीच हातात घिऊन बसल्यात कवाधरनं."

"आई, त्यांना दे."

"देते. बाई, आमची अनी बोलतीय, दिल्लीवरनं. घ्या."

फोन हातात गेल्याचा आवाज आला आणि मग काहीच आलं नाही. श्वासही ऐकू येत नव्हता. मागे आमच्या घरातली शेळी ओरडत होती.

"बाई, मी," मी म्हटलं.

शेळी पुन्हा ओरडली.

"अनिता?"

"हो बाई."

मग बाईंचा नेहमीचा, वर्गातला आवाज आला. शेजारी आई बसलेली होती म्हणून तो तसा होता, हे मला फार नंतर उमगलं.

"परीक्षा कधी आहे?"

"सोमवारी." मी रडत होते आणि मावशीला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड केलं होतं. "बाई, कावळा डोक्याला शिवला, म्हणून... बाई, मी..."

त्यांना पुढचं सांगायची गरज नव्हती. सगळा जन्म त्याच तालुक्यात गेलेला.

"झाडावर घरटं आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"मग पिलं असतील. पंधरवडा दुसऱ्या रस्त्यानं जा."

त्यांनी फोन आईला दिला. आईनं आणखी थोडं इकडचं तिकडचं सांगितलं आणि मग हसत म्हणाली, "आता जेवाया लागल्या बघ. पर ठेचा लईच झोंबला वाटतं त्यास्नी. डोळ्याला नुसत्या धारा लागल्यात. म्हनलं गूळ घ्या, तर नको म्हन्त्यात."

मी ते मावशीला सांगितलं. मावशीनं हात जोडून कपाळाला लावले. "रडल्या ना? मग झालं," ती म्हणाली. तिला बरं वाटलं होतं. मी तिला दोष देत नाही. ती माझा जीव वाचवत होती.

संध्याकाळी काकांच्या ते कानावर गेलंच. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले आणि म्हणाले, "त्या बाई घरी पोचल्या का, ते विचारलंत?" आम्ही विचारलं नव्हतं. काकांनी स्वतः आमच्या घरी फोन लावला. वडील बाईंना आणि सायकलला गावातल्या टेंपोत घालून पोचवून आले होते.

मागच्या फाटकातून, बाजारातून वळसा घालून मी पंधरा दिवस कॉलेजला गेले. त्यानंतर एकदा जांभळाखालून गेले तर वर कुणीच नव्हतं, खाली जांभळं फुटून रस्ता जांभळा झाला होता. मी केमिस्ट्रीत पास झाले. निकाल लागला त्याच दिवशी बाईंना फोन केला. घंटा बऱ्याच वाजल्या तेव्हा त्यांनी उचलला. हे पुढे नेहमीचंच झालं. एकदा त्या सहज म्हणाल्या की आता फोन वाजला की मी आधी खुर्ची ओढून बसते आणि मग उचलते. का, ते त्यांनी सांगितलं नाही. तेव्हापासून मी फोनवर 'हॅलो' म्हणत नाही. "मी आहे, बरी आहे," असं म्हणते, कुणालाही. माझी मुलगी याची नक्कल करून मैत्रिणींना हसवते.

त्या दिवाळीत मी बाईंकडे गेले. माफी मागायची म्हणून रेल्वेत वाक्यं जुळवली होती. बाईंनी करंज्या पुढे ठेवल्या, माझ्या गुणपत्रिकेवरून बोट फिरवत प्रत्येक आकडा वाचला, आणि कागद परत देताना विचारलं, "त्या दिवशी माझंच नाव कसं सुचलं गं?"

त्यांचा आवाज कठोर नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांना बरंही वाटलं असतं. तुम्हीच खरं रडाल अशी माझी खात्री होती, किंवा ती खात्री मला करून घ्यायची होती, एवढंच सांगायचं होतं. मी करंजीकडे बघत म्हटलं, "मावशीनं घेतलं नाव."

"असेल," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

हे मी पुढे दुरुस्त करीन असं कैक वर्षं ठरवत राहिले. नोकरी लागली तेव्हा, लग्नाचं निमंत्रण द्यायला गेले तेव्हा, मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं तेव्हा. दर वेळी वाटायचं, आज नको, आजचा दिवस चांगला आहे. बाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. मुलीला सायकल शिकवताना मी मागे पळत होते आणि तोंडातून आपोआप गेलं, समोर बघ. त्याही संध्याकाळी मी फोन लावला, सायकलचं सगळं सांगितलं, आणि ते एक वाक्य सोडून सगळं बोलले.

बाई गेल्याची बातमी आईनं कळवली. सकाळची वेळ होती, मी ऑफिसला निघाले होते. झोपेतच गेल्या, दूधवाल्याला कळलं, आई सांगत होती. मी खुर्चीत बसले. पर्स खांद्यालाच होती. मला रडू येत नव्हतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, आणि तासभर थांबायला हवं असं काहीतरी मनात चाललं होतं.

"आई, नक्की ना?" मी विचारलं.

त्या दुपारी बाई सात किलोमीटर सायकल मारत का आल्या होत्या, हे आईला कुणी कधी सांगितलं नाही.

"अगं बाई," आई म्हणाली, "आसं कुनी खोटं सांगतं का?"